घड्याळबाबा आणि बेल्ह्याचा बाजार

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. शेजारीण प्रेमानं वाटीभर विरजण देते, तर मी घेता घेता विचारते, पावडरच्या दुधाचं नाही ना? जीपवाला ‘लगेच निघतो’ म्हणाला की मी आधी आत किती माणसं बसलीत ते वाकून बघते. नवरा म्हणतो, तू कॉलेजात चुकून गेलीस, तुझी खरी जागा पोलीस चौकीत होती. मला त्याचा राग येत नाही. चौकीतल्या माणसाला निदान खोटं पकडल्याबद्दल पगार मिळतो, मी ते फुकट करते.

मी राहते मंचरला आणि शिकवते नारायणगावच्या पुढच्या एका कॉलेजात. विषय तत्त्वज्ञान. इतिहास भरला, भूगोल भरला, राज्यशास्त्राच्या सरांनी हात जोडले, की उरलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी जो भाव असतो, तो मी वीसेक वर्षं बघते आहे. चुकीच्या एसटीत बसलेल्या आणि आता पुढच्या थांब्याची वाट बघणाऱ्या माणसाचा भाव असतो तो.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक जर्मन तत्त्वज्ञ आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव मुलांच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून त्यांनी त्याला घड्याळबाबा म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मीही तेच म्हणू लागले. हा माणूस जन्मभर जवळपास एकाच गावात राहिला. रोज ठरलेल्या वेळी फिरायला निघायचा, इतका ठरलेल्या वेळी की शेजारीपाजारी त्याला बघून घड्याळं लावायचे, असं सांगतात. हे ऐकून मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, लग्न झालं व्हतं का त्याचं?” नव्हतं, म्हटलं. “मंग जमनारच की वेळेवर फिरायला.” वर्ग हसला. मीही हसले.

त्याच्या विचारातली मुलांना कळणारी गोष्ट एकच. कुठलंही काम करण्याआधी स्वतःला विचारायचं, सगळ्यांनी असंच केलं तर चालेल का? चालणार नसेल, तर ते आपणही करायचं नाही. हा प्रश्न मुलांना लई आवडतो. टोमॅटोच्या हंगामात हायवेला गाड्या तुंबल्या की उलट्या बाजूनं मोटारसायकल घालणारी हीच मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांना विचारतात, “सगळ्यांनीच अशी घातली तर, राव?”

पण घड्याळबाबा एका ठिकाणी फार ताणतो. तो म्हणतो, खोटं कधीच बोलायचं नाही. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय आणि त्याला मारायला आलेला माणूस दारात उभा राहून विचारतोय, तो आत आहे का? तरीसुद्धा खोटं बोलायचं नाही. इथं दरवर्षी वर्गात भांडणं होतात. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी एका मुलानं विचारलं की दारात माणसाऐवजी बिबट्या असेल तर काय. दुसरा म्हणाला, बिबट्या विचारत बसत नाही. तास तिथंच संपला. मी सगळ्यांना दोन पानी निबंध लिहून आणायला सांगितलं: दारातल्या माणसाला तुम्ही काय उत्तर द्याल?

आता निबंध लिहायला सांगणं म्हणजे मोबाइलला काम देणं. आदल्या वर्षी एका मुलानं उत्तराच्या शेवटी ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ हे वाक्यसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं. तेव्हापासून मी निबंध वाचते ते लाल पेन उघडूनच.

त्या गठ्ठ्यात एका मुलीचा निबंध होता. बेल्ह्याजवळच्या वस्तीवरून यायची. शांत. दर सोमवारी गैरहजर. कारण विचारलं की म्हणायची, “बाजार असतो, मॅडम.” तिला पुढे पुण्याला एम. ए. करायचं होतं, तेही तत्त्वज्ञानात. वीस वर्षांत असं म्हणणारी ती दुसरी की तिसरी. त्यासाठी तिनं पुण्यातल्या एका वसतिगृहाचा अर्ज आणला होता. घरच्यांची ना नव्हती, फक्त राहायची सोय झाली पाहिजे होती, आणि ती सोय या एका अर्जावर होती. अर्जाच्या दुसऱ्या पानावर विषयाच्या शिक्षकाची सही लागायची. वर छापील वाक्य होतं: सदर विद्यार्थिनी प्रामाणिक व होतकरू असल्याची मी खात्री देते. बुधवार ही शेवटची तारीख. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

तिच्या निबंधात लिहिलं होतं की या तत्त्वज्ञाचे वडील घोड्यांचे पट्टे, लगाम आणि खोगिराचं चामडं शिवायचे. ज्या घरात जनावरांचे पट्टे शिवतात, त्या घरातल्या पोराला एक गोष्ट लहानपणीच कळते, की टाका खोटा पडला तर तो घरी कळत नाही, उतारावर कळतो आणि तेव्हा गाडीत भलताच माणूस बसलेला असतो. म्हणून याला कदाचित लहानसं खोटंसुद्धा चालत नसेल.

मी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं. वडिलांच्या धंद्याची गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही. माझ्या नोट्समध्ये नाही. वर्गात मी ती सांगितलेली नाही, याची मला शंभर टक्के खात्री होती. मग हिला कुठून कळली? आणि उताराचं ते वाक्य विशीतल्या पोरीचं असूच शकत नाही, असं मी ठरवून टाकलं. मला खरंच आनंद झाला होता, हे कबूल करते. चोर सापडल्याचा आनंद. निबंध किती चांगला आहे, हे मनात आलं होतं, पण ते मी बाजूला सारलं.

गुरुवारी भर वर्गात मी तिला उभं केलं. तो परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “हे कुठून आणलंस?”

“पट्ट्याचं वहीतून, मॅडम. जुन्या. बाकीचं माझं आहे.”

“कुणाची वही?”

मी परत विचारलं. चाळीस मुलं आमच्याकडे बघत होती, आणि बिबट्यावाल्यानंसुद्धा मोबाइल खिशात टाकला होता.

“इथं नाही सांगणार, मॅडम.”

“म्हणजे तुला सांगता येत नाही.”

“सांगता येतंय. इथं नाही सांगणार.”

मी म्हटलं, वा. खोटं बोलू नये, या विषयावर चोरून लिहायचं आणि वर तोंड वर करून बोलायचं. अर्जाचं मग बघू आपण. हे शेवटचं मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. ती खाली बसली. रडली नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला. खरी असती तर रडली असती, असं मला वाटलं. रडली असती तर नाटक करते असंही वाटलं असतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवार-रविवार मी घरी अस्वस्थ होते. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपर वाचता वाचता म्हणाला, “मग सही करणार नाहीस?” मी म्हटलं, छापील वाक्याखाली सही करायची म्हणजे ते वाक्य माझं झालं. प्रामाणिक नसेल तर कशी करू? तो म्हणाला, “नसेल तर करू नको. पण आहे की नाही ते बघितलंस कुठं?” मला राग आला. एवढ्या वर्षांत मी बघण्याखेरीज दुसरं केलंय काय?

सोमवारी ती नेहमीप्रमाणे गैरहजर. आणि माझ्या डोक्यात आलं, या बाजाराचंच काय खरं? बेल्ह्याचा सोमवारचा बाजार म्हणजे बैलांचा. तिथं पोरीबाळींचं काय काम? दर सोमवारी ही जाते कुठे? मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं, जे खोटं होतं, पण तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. आळेफाट्यापर्यंत एक जीप, तिथून दुसरी. दुसऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी दोरखंडाचं भेंडोळं मांडीवर घेतलेले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, “बैल घ्यायला निघाल्या का, बाई?” मी म्हटलं, एकाला बघायला. ते म्हणाले, “दात बघा आधी. मालक काय बी सांगतो.” आमचं चांगलं जमलं.

बाजारात धूळ, शेण आणि मिसळीचा वास. टेम्पो आडवेतिडवे लागलेले. मी पदर नाकाला लावून कडेकडेनं फिरले, आणि लिंबाखाली एका टेम्पोच्या पाठीमागच्या फळीवर ती मला दिसली. मांडीवर सौद्याच्या दाखल्यांचं पुस्तक होतं. एकजण बैलाचा कान धरून त्यातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होता आणि ती तो लिहून घेत होती. मग स्वतः उठली, बैलाच्या तोंडाशी गेली, बिल्ला परत एकदा आपल्या डोळ्यांनी वाचला आणि मगच पुढचं लिहिलं. माझ्यासारखंच, असं मला वाटून गेलं.

तिनं मला बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण म्हणाली, “या ना मॅडम,” आणि फळीवरची जागा झाडून दिली. तिचे वडील जनावरांचे दलाल. ते सौद्यात होते, म्हणून मी बसून बघत राहिले. एक गडी बैल विकायला आलेला, एक घेणारा. तिच्या वडिलांनी खांद्यावरचा रुमाल काढला, विकणाऱ्याच्या हातावर टाकला आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. रुमालाखाली बोटं हलत होती. तोंडानं कुणी आकडा काढत नव्हतं. नुसतं, “हां? न्हाई, न्हाई. बरं, हे?” मग रुमाल घेणाऱ्याच्या हातावर गेला. भोवती दहा-पंधरा माणसं उभी होती आणि एकालाही भाव कळत नव्हता.

हे बघून माझं समाधानच झालं. म्हटलं, घराणंच लपवालपवीचं आहे.

सौदा झाल्यावर वडील आले. उंच, सडसडीत माणूस. “पोरीच्या म्याडम का तुमी? बसा, बसा. आरं, च्या सांग रं दोन.” मी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, “सगळं असं झाकून का करता? सरळ बोलायला काय होतं?”

त्यांना राग आला नाही. उलट त्यांना प्रश्न आवडलेला दिसला.

“आवो म्याडम, इकणारा गरजंला आलेला आसतो. कुनाच्या घरी आजारपण, कुनाचा चारा सपला. त्याला किती खाली यावं लागलं, हे समद्या बाजारानं कशापायी ऐकायचं? उद्या त्याला याच लोकांत बसायचंय. म्हनून रुमाल. त्याची नड त्याच्यापाशी ऱ्हाती.”

“आणि आत फसवलं तर? कोण बघतंय?”

“कुनीच बघत न्हाई. म्हनून तर फसवायचं न्हाई. बोट येकदा दाबलं की झालं. फिरला त्याचा हात पुन्यांदा कुनी रुमालाखाली घेत न्हाई. आन समदेच फिरायला लागलं तर बाजार ऱ्हाईल का?”

मी चहाचा कप तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. सगळ्यांनीच असं केलं तर? वीस वर्षं फळ्यावर लिहून लिहून माझे खडू झिजले, ते हा माणूस शेणात उभा राहून सांगत होता. पण माझा स्वभाव एवढ्यावर हार मानणारा नाही. मी लगेच विचारलं, “तुमच्या मुलीला कुठली जुनी वही मिळालीय?”

“ती व्हय? आत्याची. ती वही म्हंजी म्याडम तुमचीच—”

“दादा,” ती म्हणाली. एवढंच. वडील थांबले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ते तिलाच इचारा.”

ती म्हणाली, “उद्या लवकर येते, मॅडम. स्टाफरूममध्ये कुणी नसतं तेव्हा.”

परतीच्या वाटेवर मी काय विचार केला, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. एका रात्रीत जुनी वही तयार करता येते का, याचा मी आळेफाट्यापर्यंत विचार केला. चहाच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला की जुना दिसतो, हे मला माहीत होतं.

मंगळवारी ती साडेसातला आली. वही गमछ्यात गुंडाळलेली होती. टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. मी उघडली. कागद चहात बुडवलेला नव्हता. पहिल्या पानावर आमच्याच कॉलेजचं नाव, वर्ग, विषय, आणि विषयशिक्षक म्हणून माझं नाव. बारा वर्षांपूर्वीचं साल.

“आत्या तुमच्याकडं होती, मॅडम. तिन्ही वर्षं. आता निमगाव साव्याला असते. मी तत्त्वज्ञान घेतलं म्हटल्यावर तिनं ही काढून दिली.”

मी पानं उलटत गेले. अक्षर बारीक, उभट. माझेच तास, पण आत्ताचे नव्हेत. त्या वर्षी मी घड्याळबाबावर दोन महिने बोलले होते, असं दिसत होतं. तो काय जेवायचा, मित्रांना जेवायला बोलवून तासन्‌तास कशा गप्पा मारायचा, सगळं होतं. मग ते पान आलं. ‘वडील घोड्यांचे पट्टे शिवत. मॅडमनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं.’ खाली चित्र उतरवून घेतलेलं होतं. लांब तोंडाचं, दाढीवाल्या हनुवटीचं एक जनावर, पाठीवर पट्टे. त्याच्याखाली त्या मुलीनं कंसात लिहिलं होतं, ‘हा घोडा आहे’.

चित्र माझंच होतं. मी घोडा काढते तेव्हा त्याची शेळी होते, शाळेपासून. हे सोंग कुणाला एका रात्रीत आणता आलं नसतं. माझे कान तापले. मी खरंच हे सांगत होते एकेकाळी. मग अभ्यासक्रम बदलला, तास कमी झाले, परीक्षेत येत नाही ते गळत गेलं आणि शेवटी मीच ते सांगितलं होतं, हेही मी विसरले. आणि कुणीतरी ते बारा वर्षं जपून ठेवलं होतं. ती कुठल्या बाकावर बसायची, दिसायला कशी होती, मला काही म्हणजे काही आठवेना.

मी तिला विचारलं, “गुरुवारीच का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच शिकवलेलं आहे असं सगळ्यांसमोर म्हटलं असतं, तर मुलं हसली असती तुम्हाला.”

“आणि मी सही केली नसती तर? उद्या शेवटचा दिवस आहे.”

तिनं वही परत गमछ्यात गुंडाळायला घेतली. “खोटं नव्हते बोलले मी, मॅडम. फक्त इथं नाही सांगणार म्हटलं.”

मला फार वाईट वाटलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की ही पोर माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिचे वडील अनोळखी माणसाची नड झाकतात. तिनं माझी झाकली होती, आणि ती माझी काही नड नव्हती, चूक होती. मी मात्र तिला चाळीस जणांत उघडं पाडलं होतं.

दहाच्या तासाला मी वर्गात गेले. आरोप उघड्यावर केला होता, तर माफी स्टाफरूममध्ये मागून चालणार नव्हती. मी सांगितलं की त्या निबंधातली पट्ट्यांची गोष्ट बारा वर्षांपूर्वी मीच शिकवलेली आहे, ती मीच विसरले, आणि बाकीचं सगळं तिचं स्वतःचं आहे. मी तिची चूक नसताना तिला बोलले. माफी मागते. वर्गात कुणी हसलं नाही. ते इतकं जड झालं की मी खडू घेतला आणि फळ्यावर तो घोडा परत काढला, पट्ट्यांसकट.

मागून बिबट्यावाला म्हणाला, “मॅडम, शेळी हाय का?”

तेव्हा हसले सगळे. ती पण.

तास झाल्यावर ती अर्जासाठी आली. मी ड्रॉवरमधून तो काढला. प्रामाणिक व होतकरू, त्या वाक्याखाली सही करताना हात अडखळला नाही. वसतिगृहाचं काम त्या सहीनं होणार होतं, झालंही. पण सहीच्या वर एक रकाना भरायचा राहिला होता. अर्जदारास आपण किती काळापासून ओळखता?

पेन टेकवलं आणि थांबले. खरं उत्तर मला माहीत होतं. आज सकाळपासून. फार तर सोमवार दुपारपासून. घड्याळबाबानं दुसरं काही लिहू दिलं नसतं. पण असं लिहिलेला अर्ज पुण्यात कोण घेणार?

मी ‘तीन वर्षे’ लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. ती तिच्या सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचत गेली. त्या रकान्याशी थांबली. माझ्याकडे बघितलं. मग अर्जाची घडी घातली, ती वहीसारखीच गमछ्यात गुंडाळली आणि “येते, मॅडम,” म्हणाली.